संदेश मोजू नका, उत्तरे मोजा



पाडवा जवळ आला की गावात सालगड्यांची साले ठरतात. काम कोणते, मोबदला किती, धान्य किती, उचल कधी, सगळे तोंडी ठरते. कागद नसतो, पण दोन्ही बाजूंना आपण काय कबूल केले ते पक्के ठाऊक असते. संघटनेच्या कामाचे असे साल आपण फारसे ठरवत नाही. मेळावे होतात, घोषणा होतात, आणि वर्ष संपले की 'यंदा काम जोरात झाले' एवढेच सांगून आपण मोकळे होतो.

यंदाच्या जिल्हा मेळाव्यासमोर या बाबतीत एक ठराव येणार आहे. शेतकऱ्याने शेतकऱ्याला माहिती द्यावी म्हणून गावोगावी मोबाईलवर जे गट उभे राहिले, त्यांच्यासाठी वर्षाची उद्दिष्टे ठरवावीत, असा तो ठराव. उद्दिष्टे ठरवावीत याबद्दल माझे दुमत नाही. कोणती ठरवावीत, याबद्दल आहे. ठरावाच्या मसुद्यात तीन आकडे आहेत: गटांतील माणसे दुप्पट करायची, एकही गाव गटावाचून ठेवायचे नाही, आणि प्रत्येक गटात रोज किमान दहा संदेश गेले पाहिजेत.

कार्यकर्ते मनावर घेतील तर हे तीनही आकडे दिवाळीपूर्वीच पुरे होतील. आणि ते पुरे झाले म्हणून कोणाच्याही पऱ्हाटीला एक बोंड जास्त लागणार नाही, की ज्वारीच्या कणसात एक दाणा जास्त भरणार नाही. म्हणून मेळाव्यापूर्वी हे लिहितो आहे.

संख्येचे पीक

आकडा समोर ठेवला की माणसे आकडा पिकवतात. मग ज्यासाठी आकडा ठेवला ते मागे राहते. ही गोष्ट आपल्यापुरती नाही. जगात जिथे जिथे माणसांनी एकत्र येऊन ज्ञान साठवायचे ठरवले, तिथे तिथे हे झाले आहे.

विकिपीडिया हा ज्ञानकोश २००१ साली सुरू झाला. कोणीही लिहावे, कोणीही दुरुस्त करावे, वाचायला पैसा पडू नये, अशी त्याची रीत. २००३ साली मराठीतही तो सुरू झाला. अनेक भाषांमध्ये त्याच्या शाखा आहेत, आणि कोणत्या भाषेत किती लेख याची यादी लागते. फिलिपाईन्स देशात सेबुआनो नावाची भाषा बोलतात. तिचा ज्ञानकोश या यादीत जर्मन, फ्रेंच अशा भाषांना मागे टाकून इंग्रजीच्या खालोखाल दुसऱ्या क्रमांकावर जाऊन बसला. साठ लाखांच्या घरात लेख! हे लिहिले कोणी? ते माणसांनी लिहिलेच नाहीत. स्वेरकर योहान्सन नावाच्या एका स्वीडिश गृहस्थांनी संगणकाचा एक कार्यक्रम रचला. त्याने तयार याद्यांवरून गावे, डोंगर, किडे, वनस्पती यांच्यावर चार-चार ओळींचे लाखो लेख आपोआप पाडले. लेख वाढले, पण लिहिणारी, तपासणारी, दुरुस्त करणारी माणसे मूठभरच राहिली. यादीत कोश दुसरा आणि कामाला माणसे नाहीत, अशी गत.

हे परदेशातले झाले. आपल्याकडची 'प्रशिक्षण व भेट' योजना आठवा. सत्तरच्या दशकात जागतिक बँकेच्या पाठबळाने ती देशात आली आणि ऐंशीच्या दशकात महाराष्ट्रभर पसरली. कल्पना वाईट नव्हती. कृषी सहायकाने दर पंधरवड्याला ठरलेल्या दिवशी ठरलेल्या संपर्क शेतकऱ्याकडे जायचे, विद्यापीठाचा संदेश द्यायचा, शेतकऱ्याची अडचण वर कळवायची. पण अहवालात मोजली जायची ती भेट. भेटीची डायरी भरली की काम झाले. संदेश खाली येत राहिले. अडचण वर गेली का, तिचे उत्तर परत आले का, हे विचारायला अहवालात रकाना नव्हता. ज्याला रकाना नाही ते काम होत नाही, हा सरकारी कारभाराचा नियम आहे. तो संघटनेलाही लागू पडतो.

आपण आपल्या गटाला 'रोज दहा संदेश' असा रकाना दिला तर काय होईल? सकाळी सुप्रभात, दुपारी औषधाच्या बाटलीचा फोटो, संध्याकाळी कोणत्या तरी राज्यातल्या एकरी वीस क्विंटल कापसाची चित्रफीत. दहा भरले. आणि ज्या शेतकऱ्याने विचारले होते की माझी पऱ्हाटी अचानक का सुकते आहे, त्याचा प्रश्न त्या दहांच्या खाली गाडला गेला.

अर्धी माहिती पुऱ्या अज्ञानाहून महाग

माहिती आणि ज्ञान यांत फरक काय? मी शेतकी पदवीचा विद्यार्थी होतो तेव्हा याचे उत्तर कोणी शिकवले नाही. ते ज्वारीने शिकवले.

ज्वारी लवकर पेरावी की उशिरा? पोंगेमर करणाऱ्या खोडमाशीपुरते बोलू. खरिपाची ज्वारी पाऊस लागल्याबरोबर, पहिल्या आठवड्या-दहा दिवसांत पेरली तर खोडमाशीच्या तडाख्यातून बरीचशी सुटते. उशीर केला की सापडते. म्हणजे लवकर पेरा. आता रब्बीकडे या. सोलापूर, नगर, बीडच्या बाजूला सप्टेंबरच्या सुरुवातीला घाई करून पेरलेली ज्वारी खोडमाशीला जास्त बळी पडते. महिन्याच्या मध्यानंतर पेरली तर धोका कमी होतो. फार उशीर केला तर जमिनीतली ओल हातची जाते. म्हणजे फार लवकर पेरू नका.

दोन्ही सल्ले बरोबर आहेत. पण 'ज्वारी लवकर पेरा, खोडमाशी येत नाही' एवढाच संदेश गटावर फिरला आणि तो भंडारज्वारीवाल्याऐवजी मालदांडीवाल्याने वाचला, तर बरोबर सल्ल्याने त्याचे नुकसान झाले. संदेशात हंगाम नाही, जमीन नाही, तारीख नाही, वाण नाही. ज्याने लिहिले त्याचा हेतू चांगला असेल. पण चांगल्या हेतूने दुबार पेरणीचा खर्च भरून निघत नाही.

मालदांडीचे नाव आले म्हणून आणखी एक. रब्बीत आजही जिच्या भाकरीची चव लोक विसरत नाहीत ती मालदांडी ३५-१ परदेशातून आलेली नाही. १९३० च्या दशकात मोहोळच्या केंद्रावर आपल्याच शेतकऱ्यांच्या स्थानिक मालदांडीतून ती निवडली गेली. मूळ माल शेतकऱ्याचा. शास्त्रज्ञाने काय केले? वेगवेगळ्या ओळी शेजारी शेजारी लावल्या, वर्षानुवर्षे तोलून पाहिल्या, नोंद ठेवली. शेतकऱ्याच्या निरीक्षणाला शिस्त जोडली की त्याचे ज्ञान होते. निरीक्षण आपल्याकडे उदंड आहे. कमी आहे ती शिस्त. वर्षाचे उद्दिष्ट ठरवायचे तर या शिस्तीचे ठरवा.

२०१७ ने काय शिकवले?

बीटी कापसाला देशात २००२ साली परवानगी मिळाली. दोन जनुकांचे वाण २००६ पासून आले. बोंडअळीचा प्रश्न मिटला, असे सगळ्यांनी धरून चालले. २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या बीटीला गुलाबी बोंडअळी दाद देत नाही, हे जाहीर झाले. पुढच्या चार-पाच वर्षांत त्याच राज्यात दोन जनुकांच्या कापसातही ती जिवंत सापडू लागली. आणि २०१७ च्या हंगामात विदर्भ, मराठवाडा, खानदेशात बोंडे फोडली तर आत अळी, कवडी कापूस, आणि वेचणीची मजुरीही निघेना, अशी वेळ आली. त्याच हंगामात यवतमाळ जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि शेतमजूर दगावले.

गुजरातच्या शेतात दिसलेली गोष्ट आपल्या बांधावर यायला काही वर्षे लागली. तेवढा वेळ आपल्या हाती होता. शास्त्रज्ञांना ठाऊक होते, कंपन्यांना ठाऊक होते. ज्याच्या शेतात अळी येणार होती त्यालाच नव्हते. दोष कोणाचा, यावर पुष्कळ बोलून झाले. मला इथे वेगळे म्हणायचे आहे. ही अळी अशी आहे की एकट्या शेतकऱ्याने कितीही डोळ्यांत तेल घालून पाहिले तरी पुरत नाही. लहान अळी बोंडात शिरते, शिरलेले छिद्र बुजते, बाहेरून बोंड हिरवेगार. आत शिरल्यावर औषध तिच्यापर्यंत पोचत नाही. म्हणजे पतंग उडू लागले तेव्हाच कळायला हवे. आणि पतंग काही सातबारा पाहून उडत नाही. माझे शेत स्वच्छ आणि शेजाऱ्याची फरदड मार्चपर्यंत उभी, तर माझी मेहनत वाया. फरदड मोडणे, डिसेंबरअखेर पीक संपवणे, पऱ्हाट्यांचे ढीग बांधावर न ठेवणे, ही कामे गावाने मिळून केली तरच उपयोगाची.

म्हणजे आपला गट नेमका याच कामासाठी आहे. जे एकट्याला दिसत नाही आणि एकट्याने होत नाही, ते दाखवणे आणि करवणे. बाजारभाव एकट्याला कळतो, हवामानाचा अंदाज एकट्याला कळतो, त्यासाठी गट कशाला?

तीन प्रश्न, एक वर्ष

म्हणून माझी सूचना अशी. तीनही आकडे मसुद्यातून काढून टाकावेत आणि त्यांच्या जागी तीन प्रश्न घालावेत. पुढच्या पाडव्याला या तीन प्रश्नांची उत्तरे आपल्याच नोंदींतून देता आली, तर गट पास. नाही आली, तर सभासद पाच हजार असोत की पन्नास हजार, गट नापास.

पहिला प्रश्न: आपल्या गावात पाऊस किती आणि कधी पडला? कोरडवाहू शेतकऱ्याला विचारावा असा हा सगळ्यात साधा प्रश्न, आणि याचेच उत्तर आपल्याकडे नाही. सरकारी मोजणी महसूल मंडळाची. मंडळाच्या गावी धो धो आणि आपल्या शिवारात फुफाटा, हे आपण दर साली पाहतो. कपाशीची पेरणी ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय करू नये, असे सगळे सांगतात. पण ७५ मिलिमीटर झाला हे कशावरून ठरवायचे? चिखल पाहून? बाजारातला पर्जन्यमापक घेता आला तर उत्तम. नाही तर तळ सपाट, बाजू सरळ आणि तोंड तळाएवढेच असलेला डबा उघड्यावर, झाडापासून आणि भिंतीपासून दूर ठेवा आणि रोज सकाळी ठरल्या वेळी पट्टीने पाणी मोजून ओता. विम्याच्या दाव्यात हा डबा कोणी मानणार नाही. पेरणीच्या निर्णयाला मात्र तो पुरतो. त्याच वहीत रब्बीच्या ज्वारीची पेरणीची तारीख आणि महिन्याभराने शंभर झाडांत किती पोंगे मेले, हे लिहा. तालुक्यातल्या दहा गावांनी हे केले तरी कोणत्या जमिनीत कोणती तारीख धरावी, यावर पुढच्या साली आपण अंदाजाने नव्हे तर आकड्याने बोलू.

दुसरा प्रश्न: गुलाबी बोंडअळी आपल्या शिवारात कोणत्या आठवड्यात आली आणि कोणत्या वेळी फवारणी खरोखर लागली? पेरणीनंतर दीड महिन्याने एकरी दोन कामगंध सापळे. त्यांत सलग तीन रात्री प्रत्येक सापळ्यात आठ किंवा जास्त पतंग आले, तर पाणी डोक्याजवळ आले असे समजा. पात्या-फुले लागल्यावर डोमकळ्या मोजा. बोंडे धरल्यावर आठवड्यातून एकदा एकरातून वीस हिरवी बोंडे तोडून फोडा. दोन किंवा जास्त बोंडांत अळी निघाली तर उपाय करा. नाही निघाली तर फवारणीचे पैसे खिशात ठेवा. वीस बोंडे तोडायला जीव तुटतो, हे मला माहीत आहे. पण एका फवारणीचा खर्च त्या वीस बोंडांच्या कापसापेक्षा कितीतरी पट आहे. गटावर दर सोमवारी प्रत्येक गावाची एकच ओळ यावी: सापळ्यात पतंग इतके, डोमकळ्या इतक्या, वीसपैकी किडकी बोंडे इतकी. शेजारच्या गावाचा आकडा चढला की आपण सावध होऊ. जे कळायला गुजरातकडून आपल्यापर्यंत काही वर्षे लागली, ते गावाकडून गावाला त्याच दिवशी कळेल.

तिसरा प्रश्न: एक क्विंटल कापूस आणि एक क्विंटल ज्वारी पिकवायला आपल्याला नेमका किती खर्च आला? भावाची लढाई आपण वर्षानुवर्षे लढतो. दिल्लीत कृषी मूल्य आयोग खर्च काढतो, तो कमी काढतो असे आपण म्हणतो. पण मग आमचा खर्च किती, असे कोणी विचारले की आपण अंदाजे बोलतो. नांगरटीपासून वेचणीपर्यंत, घरच्या बैलाची, घरच्या माणसाची आणि घरच्या बाईची मजुरी धरून, तारखेनिशी लिहिलेल्या खर्चवह्या प्रत्येक तालुक्यातून पंचवीस निघाल्या, तर त्या ढिगापुढे कोणत्याही अधिकाऱ्याला सावरून बसावे लागेल. यासाठी कोणाला हजारो सभासद लागत नाहीत. पंचवीस प्रामाणिक वह्या लागतात.

नोंदीची रीत

प्रश्न ठरले तरी नोंद कशी ठेवायची ते ठरले नाही, तर वर्षअखेर पुन्हा गप्पाच उरतील. चार गोष्टी पाळाव्यात.

एक. गाव, जमीन हलकी की भारी, वाण, तारीख आणि लिहिणाऱ्याचे नाव, यांवाचून कोणतीही नोंद नोंद म्हणून धरू नये. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नांदेड गावच्या दादाजी खोब्रागडे यांनी १९८० च्या दशकात आपल्या बांधीतल्या वेगळ्या दिसणाऱ्या लोंब्या वेचून एचएमटी भात घडवला. तो तांदूळ देशभर गेला. दादाजी २०१८ साली वारले, पण त्यांच्या कष्टाचे मोल त्यांच्या घरापर्यंत फारसे पोचले नाही. शेतकऱ्याच्या शोधावर त्याचे नाव राहायला हवे असेल, तर आपली वही आपणच लिहिली पाहिजे.

दोन. नवे काही करून पाहिले तर चार तासे तशीच सोडा. सगळ्या शेताला औषध मारून 'फरक पडला' म्हणणे याला अर्थ नाही. फरक कशापासून? सोडलेली चार तासे हाच आपला साक्षीदार. ज्या नोंदीत साक्षीदार नाही, ती नोंद नसून जाहिरात आहे, मग लिहिणारा दुकानदार असो की आपला कार्यकर्ता.

तीन. फसलेले आधी लिहा. एकरी वीस क्विंटलची गोष्ट सांगायला सगळे पुढे येतात. तणनाशकाने पीक करपले, बियाणे उगवले नाही, सांगितलेला अर्क फवारून अळी हलली नाही, हे सांगायला लाज वाटते. पण शेजाऱ्याचा पैसा वाचतो तो याच गोष्टींनी. वर्षअखेर वहीत एकही फसलेला प्रयोग नसेल, तर ती वही खोटी आहे असे समजावे.

चार. मायबहिणींची नोंद. निंदणी कोण करते? वेचणी कोण करते? डोमकळी पहिल्यांदा कोणाच्या हाताखाली येते? आणि मोबाईल कोणाच्या खिशात असतो? आपल्या गटात पुरुषच पुरुषांना सांगतात की शेतात काय चालले आहे, आणि ज्यांनी दिवसभर शेत पाहिले त्या चुलीपाशी असतात. सोमवारची ओळ लिहिण्यापूर्वी वेचणाऱ्या बायांना विचारल्याशिवाय लिहू नये, एवढा नियम केला तरी नोंदीचा दर्जा दुप्पट होईल.

तीन आक्षेप

काही मित्र म्हणतात, लोक आपल्या खुशीने माहिती देतात, त्यांना उद्दिष्टाचे जोखड कशाला? खुशीने काम करणाऱ्याला ओझे होते ते रोजच्या दहा संदेशांचे. एका ठरलेल्या प्रश्नाचे ओझे होत नाही. उलट कशासाठी पाहायचे हे कळले की पाहण्याला गोडी येते. इंडोनेशियात भातावर तपकिरी तुडतुड्यांनी कहर केला, तेव्हा १९८६ साली तिथल्या सरकारने भातावरच्या ५७ कीटकनाशकांवर बंदी घातली. १९८९ पासून गावोगावी शेतीशाळा सुरू झाल्या. पंचवीसेक शेतकरी, एक शेत, आठवड्यातून एक सकाळ, हंगामभर. किडी किती, किडींना खाणारे मित्रकीटक किती, हे त्यांनी स्वतः मोजायचे आणि फवारायचे की नाही ते स्वतः ठरवायचे. शाळेत कोणी उत्तर सांगत नसे, प्रश्न ठरलेला असे. लाखो शेतकरी या शाळांतून गेले. आपल्याकडेही कपाशीच्या शेतीशाळा झाल्या. जिथे प्रश्न जिवंत राहिला तिथे त्या चालल्या. जिथे हजेरीपट महत्त्वाचा झाला तिथे चहापाण्यावर संपल्या.

दुसरा आक्षेप खरा आहे. उद्दिष्ट लावले की लोक खोटे लिहितात. डब्यात पाणी न पाहता आकडा भरतात. यावर उपाय एकच. या नोंदींना बक्षीस लावू नका, पद लावू नका, तालुक्या-तालुक्यांत चढाओढ लावू नका. ज्याला खोटे लिहून काही मिळत नाही तो खोटे लिहायचे कष्ट घेत नाही. कोरा रकाना कोरा ठेवायला मुभा द्या. 'या आठवड्यात पाहिले नाही' ही पण प्रामाणिक नोंद आहे.

तिसरा आक्षेप असा की हे काम विद्यापीठांचे आणि कृषी खात्याचे, आपण का करावे? त्यांनी करावेच, आणि ते करत नाहीत तिथे आपण जाब विचारावा. पण कितीही मोठे विद्यापीठ प्रत्येक शिवारात बसू शकत नाही. आणि जाब विचारणाऱ्याच्या हातात आकडा असला तर उत्तर द्यावे लागते. घोषणा असली तर चहा मिळतो.

पाडवा ते पाडवा

शेवटी वर्षाबद्दल. मसुद्यात वर्ष एक एप्रिलपासून धरले आहे. ते कचेरीचे वर्ष. आपले वर्ष पाडव्याला सुरू व्हावे. तोवर वेचणी आटोपलेली असते, रब्बीची ज्वारी खळ्यावरून घरी आलेली असते, आणि मृगाला अजून अवधी असतो. हिशेब करायला आणि प्रश्न ठरवायला याहून चांगली वेळ नाही. पोळ्याला एकदा थांबून पाहावे की डबे बसले का, सापळे लागले का. संक्रांतीला पाहावे की फरदड मोडली का. आणि पुढच्या पाडव्याला प्रत्येक गावाने तीन प्रश्नांची उत्तरे गावासमोर वाचून दाखवावीत. मोबाईलवर नव्हे. पारावर, तोंडी, ज्याच्याजवळ मोबाईल नाही त्यालाही ऐकू जाईल अशी.

एखाद्या प्रश्नाचे उत्तर मिळाले नाही, तर तो पुढच्या साली पुन्हा घ्यावा. मिळाले, तर गावाने नवा प्रश्न निवडावा. मात्र एका वेळी तीनच्या वर प्रश्न घेऊ नयेत. एका तिफणीला तीनच फण असतात.

तेव्हा मेळाव्यात मसुदा वाचला जाईल तेव्हा पुढची दुरुस्ती मांडावी, अशी सगळ्या तालुका प्रतिनिधींना विनंती आहे: सभासदसंख्या, गटसंख्या आणि संदेशसंख्या यांची उद्दिष्टे वगळावीत. त्यांऐवजी प्रत्येक तालुक्याने निदान दहा गावांत पावसाची आणि बोंडअळीची नोंद आणि निदान पंचवीस खर्चवह्या पाडव्यापासून सुरू कराव्यात, आणि पुढच्या पाडव्याला त्या गावासमोर ठेवाव्यात.

दुरुस्ती मंजूर झाली नाही तरी हरकत नाही. डबा ठेवायला आणि वीस बोंडे फोडायला कोणाच्या ठरावाची गरज नाही. आपापल्या गावात सुरुवात करा, आणि सोमवारची ओळ शेजारच्या गावाला कळवा.